ओहायोच्या काठी पाहिलेली शाळा

सिनसिनाटी हे नाव आमच्या इंदूरच्या वाड्यात प्रथम उच्चारले गेले तेव्हा शेजारच्या काकूंनी ते तीनदा म्हणवून घेतले, आणि तरीही शेवटपर्यंत त्या ‘शिनशिनाटी’च म्हणत राहिल्या. थोरला मुलगा नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झाल्याला आता आठ वर्षे होत आली. ‘‘आई, एकदा तरी सहा महिने येऊन राहा,’’ हा त्याचा आग्रह दरवर्षी होई आणि दरवर्षी मी काही ना काही सबब पुढे करी. खरी सबब एकच होती आणि ती त्यालाही ठाऊक होती. ती म्हणजे नंदू.

नंदू माझा धाकटा मुलगा. वय वर्षे सव्वीस. आमच्या वेळी अशा मुलांना ‘मतिमंद’ म्हणत. आता ‘बौद्धिक दिव्यांग’ म्हणतात. शब्द सौम्य झाला हे चांगलेच झाले, पण आईच्या मनातला प्रश्न त्यामुळे सौम्य होत नाही. यजमानांना जाऊन दोन वर्षे झाली, आणि रात्री दिवा मालवल्यावर तो प्रश्न अधिकच छळू लागला. माझ्यामागे याचे काय? अखेर नंदूला बरोबर घेऊनच जायचे असे ठरले आणि सप्टेंबरातील एका पहाटे आम्ही मायलेक घराबाहेर पडलो. एवढ्या लांबच्या प्रवासात नंदूने एकदाही त्रास दिला नाही. त्रास झाला तो माझ्याच भीतीचा.

ओहायो नदीच्या उत्तर तीरावर, टेकड्यांच्या चढउतारावर हे शहर पसरले आहे. रोमप्रमाणे आपलेही गाव सात टेकड्यांवर वसले आहे, असे तेथील लोक अभिमानाने सांगतात. नावही रोमच्याच इतिहासातून आलेले. सिनसिनाटस नावाचा एक शेतकरी होता. राज्यावर संकट आले तेव्हा लोकांनी त्याला शेतातून बोलावून आणून सर्वाधिकारी केले. संकट टळताच अधिकार खाली ठेवून तो पुन्हा आपल्या नांगराकडे निघून गेला, अशी कथा आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातील सेनाधिकाऱ्यांनी त्याच्या नावाने एक मंडळ स्थापन केले आणि त्या मंडळावरून १७९० मध्ये या वसाहतीला हे नाव मिळाले. मोठ्या पदापेक्षा हातातले काम थोर मानणाऱ्या माणसाच्या नावाचे गाव, ही गोष्ट तेव्हा मला केवळ गमतीची वाटली होती.

खान आणि सरस्वतीच्या काठी वाढलेल्या आम्हा इंदूरकरांना ओहायोचे पात्र पाहून प्रथम दडपण येते. पाणी मातकट, प्रवाह संथ, आणि त्यावरून मालाने भरलेले लांबच लांब तराफे निवांतपणे सरकत असतात. पलीकडच्या तीरावर केंटकी राज्य सुरू होते. यादवी युद्धापूर्वी त्या तीरावर गुलामगिरी होती आणि या तीरावर नव्हती. त्यामुळे जिवाच्या कराराने पळून आलेली किती तरी माणसे रात्रीच्या अंधारात ही नदी ओलांडीत. नदीवर निळ्या रंगाचा एक झुलता पूल आहे. जॉन रोब्लिंग या अभियंत्याने बांधलेला हा पूल १८६६ मध्ये खुला झाला, तेव्हा त्याचा १,०५७ फुटांचा मधला गाळा जगात सर्वांत लांब होता. न्यूयॉर्कच्या विख्यात ब्रुकलिन पुलाची आखणी याच रोब्लिंगने पुढे केली. या पुलाचा रस्ता लोखंडी जाळीचा असल्याने मोटारी जाऊ लागल्या की तो तंबोऱ्यासारखा घुमतो. नंदूला पुलाचे हे गाणे फार आवडले. घरी येऊन तो तासन् तास तसाच सूर काढीत बसे.

गावाची खाद्यकीर्ती मात्र आमच्या पचनी पडली नाही. शेवयांसारख्या लांब स्पॅगेटीवर मसालेदार खिमा आणि त्यावर किसलेल्या चीजचा डोंगर, हे तेथील मानाचे पक्वान्न. सूनबाईने आमच्यासाठी शाकाहारी प्रकार मागविला. नंदूने दोन घास खाल्ले आणि ‘‘पोहे-जिलबी कुठे मिळते?’’ असा सरळ प्रश्न केला.

आता जे सांगावयाचे आहे त्यासाठी थोडे मागे जाणे भाग आहे. अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत नंदू इंदूरला विशेष शाळेत जात असे. शाळा चांगली, तेथील बाई मायाळू. पण अठरा पूर्ण झाली आणि शाळा संपली. मग एका कार्यशाळेत तो पणत्या रंगवू लागला. दिवाळीला त्या पणत्यांची विक्री होई आणि त्या विकत घेणारे बहुतेक आम्ही पालकच असू. पुढे ओळखीच्या एका दुकानात त्याला लावून पाहिले. तेथे त्याला बसायला स्टूल मिळाले, दोन वेळा चहा मिळाला. काम मात्र मिळाले नाही. आठव्या दिवशी मालक म्हणाले, ‘‘वहिनी, याला घरी आरामात राहू द्या. पगार हवा तर घरपोच पाठवितो.’’ त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण घरी परतताना रिक्षात नंदूने विचारले, ‘‘आई, माझं काय चुकलं?’’ याचे उत्तर मला आजतागायत देता आलेले नाही.

दोष दुकानदाराचाच होता असेही नाही. घरी मी तरी काय करीत होते? पाण्याने भरलेला तांब्या त्याने उचलला की मी धावत जाऊन तो हातातून घेत असे. याला माया म्हणावे असेच मला वाटे.

ऑक्टोबरात पाच वर्षांच्या नातीच्या कानाची लहानशी शस्त्रक्रिया ठरली आणि आम्ही सारेच सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात गेलो. शहराच्या ॲव्हॉन्डेल भागातील ही संस्था १८८३ मध्ये स्थापन झाली. आल्बर्ट सेबिन यांचे नाव या संस्थेशी निगडित आहे. तोंडावाटे द्यावयाची पोलिओची लस त्यांनी येथील संशोधनातून सिद्ध केली, आणि २४ एप्रिल १९६० च्या रविवारी याच शहरातील मुलांनी ती घेण्यासाठी रांगा लावल्या. त्या लसीचे पेटंट सेबिन यांनी घेतले नाही. माझ्या थोरल्या भावाला, आमच्या अण्णाला, लहानपणी पोलिओ झाला होता. तो कुबडीवर चालला आणि चुलत्यांच्या कापडाच्या पेढीत हिशेब लिहिण्यात त्याने आयुष्य काढले. आपल्या देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र मिळाले. तेव्हा अण्णा हयात नव्हता. त्या रुग्णालयाच्या प्रशस्त दालनात बसले असता मला त्याची फार आठवण झाली. अण्णाला निदान काम होते. संध्याकाळी तो दमून घरी येई, आणि दमून येणाऱ्या माणसाचा मान त्याला घरात मिळे.

हे मनात घोळत असतानाच समोरच्या मार्गिकेतून एक तरुण सामानाची ढकलगाडी घेऊन आला. गोल चेहरा, किंचित तिरपे डोळे, आखूड बोटे. हा चेहरा आम्ही पालक शेकडो माणसांत ओळखतो. भिंतीतील कपाटापाशी थांबून त्याने हातातील कागद वाचला, हातमोज्यांची खोकी मोजून आत रचली, एक खोके चुकीच्या मापाचे आले होते ते बाहेर काढून गाडीवर वेगळे ठेवले, आणि कागदावर खूण केली. जाणाऱ्या परिचारिकेने त्याला काही विचारले. वर न पाहता त्याने एक मिनिट थांबण्याची खूण केली आणि ती थांबली! कोणी त्याच्या पाठीवर शाबासकीची थाप मारली नाही, कोणी कौतुकाने हसले नाही. तेथे तो कामाचा माणूस होता, इतकेच.

नंदू एकटक पाहत होता. त्याची दृष्टी त्या तरुणाच्या गळ्यातील छायाचित्र असलेल्या ओळखपत्रावर खिळली होती. त्या रात्री पांघरूण घालायला गेले तर नंदूच्या गळ्यात आमच्या प्रवासी पेटीची पट्टी दोऱ्याने बांधलेली दिसली. ती न सोडता मी दिवा मालवला.

मुलाच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहत. सरकारी शाळेत विशेष मुलांना शिकविण्यात त्यांची हयात गेली होती, म्हणजे त्या माझ्याच व्यवसायातल्या. आल्याचा चहा त्यांना आवडू लागल्यापासून दुपारी आमची बैठक जमत असे; माझे इंग्रजी अडले की सूनबाई पुढचे वाक्य उचलून धरी. त्या तरुणाविषयी मी विचारले तेव्हा त्यांनी ‘प्रोजेक्ट सर्च’ या उपक्रमाची सारी हकिकत मला सांगितली.

१९९६ ची गोष्ट. त्याच बालरुग्णालयात एरिन रील नावाच्या बाई तातडीच्या उपचार विभागाचे काम पाहत होत्या. तेथील कपाटे वेळच्या वेळी भरून ठेवणे हे किचकट, पण रोज तसेच्या तसे करावयाचे काम. त्यावर नेमलेली माणसे फार दिवस टिकत नसत आणि ऐन वेळी हवी ती वस्तू हाताशी नसे. त्याच सुमारास त्यांच्या मनात आले, आपण ज्या मुलांवर येथे उपचार करतो, त्यांतील कितीतरी जन्मभर अपंगत्व घेऊन जगणार आहेत. ती मोठी झाल्यावर त्यांना आपणच नोकरी का देऊ नये? नेमाने, त्याच क्रमाने, कंटाळा न करता करावयाचे हे काम त्यांतील काही जणांना उत्तम जमेल. ग्रेट ओक्स या व्यवसायशिक्षण संस्थेतील सूझी रुटकोव्स्की यांची त्यांनी गाठ घेतली आणि दोघींनी मिळून हा उपक्रम उभा केला.

माझ्या मनात ठसले ते असे, की याचा आरंभ कोणाच्या कणवेतून झाला नव्हता. तो अडलेल्या कामातून झाला होता. आपण नेहमी विचारतो, ‘या मुलाला काय येते?’ त्या बाईंनी आधी विचारले, ‘आमच्याकडे कोणते काम होत नाही?’

या उपक्रमाचा एक वर्षाचा क्रम आहे. शालेय शिक्षणाच्या अखेरच्या वर्षी मुले शाळेऐवजी रोज त्या कामाच्या ठिकाणीच जातात. एका तुकडीत साधारण दहा-बारा जण. तेथेच त्यांना एक खोली दिलेली असते. सकाळी तासभर शिक्षक त्यांना वेळ पाळणे, वरिष्ठांशी बोलणे, पैसे सांभाळणे शिकवितात. मग प्रत्येक जण आपापल्या विभागात जातो. वर्षात सुमारे दहा-दहा आठवड्यांची तीन निरनिराळी कामे करावी लागतात. कोणी कपाटे भरतो, कोणी शस्त्रक्रियेची निर्जंतुक उपकरणे ठरलेल्या क्रमाने तबकात मांडतो, कोणी चाकाच्या खुर्च्या गोळा करून जागेवर लावतो. प्रत्येक काम लहान लहान पायऱ्यांत फोडलेले असते, आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी चित्रे असतात. सोबत एक मार्गदर्शक असतो. पहिल्या दिवशी तो खांद्याला खांदा लावून उभा राहतो, काही दिवसांनी दाराशी, मग मार्गिकेच्या टोकाला. आणि काम बसले की दिसेनासा होतो. एकट्याने बसने येणे-जाणे हाही अभ्यासाचाच भाग.

वर्ष संपल्यावर त्याच संस्थेत नोकरी मिळेलच असे नाही. परंतु तीन कामांचा अनुभव घेऊन मुलगा बाहेर पडतो, त्या बळावर दुसरीकडे नोकरी शोधली जाते. यश कशाला म्हणावयाचे याची व्याख्याही कडक आहे. काम इतर माणसांच्या बरोबरीने असावे, वर्षभर चालणारे असावे, आठवड्याला निदान सोळा तासांचे असावे आणि वेतन त्या कामाच्या चालू दराने मिळावे. पणत्या रंगविणे या व्याख्येत बसत नाही. एका रुग्णालयात सुरू झालेला हा उपक्रम आज अमेरिकेत शेकडो ठिकाणी, तसेच इंग्लंड, स्कॉटलंड, ऑस्ट्रेलिया आदी देशांत चालतो.

‘‘आधी सगळे शिकवून तयार करावे आणि मग कामाला लावावे, हेच बरे नाही का?’’ मी शंका काढली.

‘‘आम्हीही वर्षानुवर्षे तेच केले,’’ त्या म्हणाल्या. ‘‘वर्गात खोटी खोकी मांडून मोजायला शिकविले. आमची मुले एका ठिकाणी शिकलेले दुसऱ्या ठिकाणी सहज वापरू शकत नाहीत. म्हणून जिथे करायचे तिथेच शिकवावे.’’

‘‘पण चुकले तर?’’

‘‘तर पुन्हा करायचे. तुमच्या वर्गात मुलांचे गणित चुकले तर तुम्ही काय करीत होता?’’

तेहतीस वर्षे मी गणित शिकविले. फळ्यासमोर आलेल्या कोणत्याही मुलाच्या हातातून खडू काढून घेतला नाही. तांब्या मात्र काढून घेतला.

ही हकिकत वाचून अमेरिका म्हणजे स्वर्ग, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. शेजारच्या बाईंनी स्वतःच तो होऊ दिला नाही. तेथील १९३८ च्या एका कायद्यातील कलमानुसार, सरकारी परवाना घेऊन अपंग कामगारांना किमान वेतनापेक्षाही कमी मजुरी देता येते. काही राज्यांनी हा प्रकार बंद केला, पण ते कलम पुस्तकात अजून आहे. या उपक्रमात प्रवेश निवडीने मिळतो, आणि वर्षभर राबूनही काहींना नोकरी मिळत नाही. ज्यांचे अपंगत्व अधिक तीव्र आहे त्यांचा प्रश्न वेगळाच उरतो. सारे ऐकून घेऊनही माझ्या मनात त्या तरुणाने उंचावलेला हात राहिला, आणि त्या हातासाठी थांबलेली परिचारिका.

निघण्यापूर्वीच्या रविवारी आम्ही पुन्हा पुलावर गेलो. थोरला मोटार घेऊन केंटकीच्या टोकाला जाऊन उभा राहिला. मी अलीकडे थांबले आणि नंदूला म्हटले, ‘‘जा, दादाकडे एकटा जा.’’ पायवाटेला कठडा भक्कम आहे, भीतीचे काही कारण नाही, हे मी स्वतःला बजावीत होते. मध्यावर जाऊन तो थांबला. खालून एक तराफा चालला होता, तो पाहत राहिला. मी दोन पावले पुढे टाकली आणि तशीच मागे घेतली. तराफा पुलाखालून गेल्यावर तो चालू लागला. पलीकडे पोचल्यावर त्याने हात हलविला की नाही, हे माझ्या चष्म्यातून मला नीट दिसले नाही.

इंदूरला परतल्यावर मी प्रथम कायदा समजावून घेतला. १९९५ च्या आपल्या कायद्यात सरकारी नोकऱ्यांतील तीन टक्के राखीव जागा दृष्टी, श्रवण आणि अवयवांच्या अपंगत्वापुरत्या होत्या. नंदूसारख्यांचा त्यांत समावेश नव्हता. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे एकवीस प्रकार मान्य केले, राखीव जागा चार टक्के केल्या, आणि बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता वगैरे प्रकारांसाठी मिळून त्यांतील एक टक्का ठेवला. ही लहान गोष्ट नव्हे. पण ज्याने कधी कामाचे ठिकाणच आतून पाहिले नाही, त्याला त्या जागेपर्यंत पोचवावयाचे कोणी?

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे गावात लहानसे रुग्णालय आहे. त्याच्याकडे गेले. ‘‘माझ्या मुलाला काही काम देशील का?’’ असे या वेळी विचारले नाही. विचारले, ‘‘तुझ्याकडे रोज कोणते काम अडते?’’ तो हसला. पण त्याने सिस्टरना बोलावले. त्या क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या, ‘‘धोब्याकडून आलेले कपडे. चादरी, अभ्रे, शस्त्रक्रियेचे हिरवे कापड, सगळे एकात एक येते आणि लावायला कोणाला वेळ नसतो.’’

त्या कामावर नंदू रोज सकाळी तीन तास जाऊ लागला. तीन महिन्यांची बोली झाली. समाजकार्याचा अभ्यास करणारी एक मुलगी पहिला महिना त्याच्यासोबत राहिली. प्रत्येक मजल्याच्या कपाटावर तिने कपड्यांची चित्रे चिकटविली आणि हळूहळू ती दूर सरकत गेली. सिटी बसचा थांबा नंदूला पंधरा दिवसांत पाठ झाला. मी मात्र तेथे जावयाचे नाही, ही अट माझ्या विद्यार्थ्यानेच घातली. ‘‘बाई, तुम्ही आलात तर सारे तुम्हीच कराल,’’ तो म्हणाला. पैशांची गोष्ट मी काढली तेव्हा तो मानधन देऊ म्हणाला. मी म्हटले, ‘‘मानधन नको. या कामाला दुसऱ्या मुलाला तासाचे जे देशील तेच दे.’’ तो थोडा थबकला आणि त्याने होकार दिला.

तिसऱ्या आठवड्यात नंदूने अभ्रे भलत्याच मजल्यावर लावले आणि सिस्टर त्याला रागावल्या. तो घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजला, जेवला नाही. माझा हात दूरध्वनीकडे दोनदा गेला. सव्वीस वर्षांत परका माणूस त्याच्यावर रागावण्याची ही पहिलीच वेळ, कारण तोवर त्याच्याकडून कोणी काही अपेक्षिलेच नव्हते! हे ध्यानात आले तेव्हा मी दूरध्वनीपासून दूर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी मला जाग आली तेव्हा तो पायांत बूट घालून दाराशी उभा होता. सकाळचे सहाच वाजले होते.

तीन महिने अजून पूर्ण व्हावयाचे आहेत. पुढे काम टिकेल की नाही, हे मी सांगू शकत नाही, आणि ‘माझ्यामागे याचे काय’ हा प्रश्नही सुटला असे म्हणणार नाही. पण आपल्या मराठी वस्त्यांत दवाखाने आहेत, छापखाने आहेत, वाचनालये आणि मंगल कार्यालये आहेत, आणि त्या प्रत्येक ठिकाणी रोज काही ना काही अडून राहते. वाचकांपैकी ज्यांच्या हाती अशी एखादी जागा असेल, त्यांनी आपले अडलेले काम एकदा मोजून पाहावे. आणि ज्यांच्या घरी नंदू असेल, त्यांनी त्याच्या हातचा तांब्या काढून घेऊ नये, एवढीच विनंती.

गेल्या सोमवारी सिस्टरनी नंदूला छायाचित्र असलेले ओळखपत्र करून दिले. त्यावर आमचे आडनाव चुकीचे छापले आहे. दुरुस्त करून आणू का, म्हणून मी विचारले. पण ते कार्ड तो गळ्यातून काढू द्यायला तयार नाही.